शेजारच्या खाटेसाठी हाक

तिसरी घंटा झाली आहे असं समजा. दिवे मंद होतात, पडदा वर जातो. समोर एक लांबच लांब खोली. दोन्ही भिंतींना लागून लोखंडी खाटा, त्यांचा पांढरा रंग जागोजागी उडालेला. प्रत्येक खाटेशेजारी पत्र्याचं बुटकं कपाट, त्यावर पाण्याची बाटली आणि कुणाचा तरी चष्मा. उंच खिडक्यांतून दुपारचं ऊन तिरकं उतरतं आणि सलाईनच्या बाटल्यांपाशी घुटमळतं. फिनेलचा वास रंगमंचावर दाखवता येत नाही. तेवढा तुम्ही मनानं घ्या.

आता उजव्या विंगेतून एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई येते. हातात फडक्यानं झाकलेलं भांडं, पायात रबरी तळाचे कापडी बूट. ते बूट अजिबात वाजत नाहीत. टाळी पडावी असं तिच्यात काही नाही. मी जन्मभर टाळी घेणारे प्रवेश केले, दुसऱ्यांचे पाहून जळलो. पण ती आत आली की उशांवरची सगळी डोकी जशी एकदम तिच्याकडे वळत, तसा प्रवेश मला एकदाही साधला नाही.

ती सरकारी दवाखान्यातल्या पुरुषांच्या जनरल वॉर्डातली मावशी. तिच्याहून वडील असलेले म्हातारे तिला मावशी म्हणत, ड्यूटीवरच्या सिस्टर म्हणत आणि माणसाचं पोट उघडताना ज्यांचा हात कधी थरथरला नाही ते सर्जनसाहेबही मावशीच म्हणत. भांडं देणं, चादरी बदलणं, अंग पुसणं, कण्हणाऱ्याला कुशीवर वळवणं, आणि वेळ आली तर कुणाचे डोळे मिटणं, हे तिचं काम. घरी तिचा नवरा होता, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा, आणि एक मुलगा.

मी तिथं पोचलो तो थेट सिंहासनावरून. शेवटच्या अंकात राजा सिंहासनावर उभा राहून प्रजेला चार शब्द सांगतो, असा प्रसंग होता. चौथऱ्याची फळी आतून वाळवीनं खाल्ली होती, हे ना प्रजेला ठाऊक, ना राजाला. राज्य गेलं, मांडीचं हाड गेलं, आणि मुकुटाच्या कडेनं भुवई फुटली ती वेगळीच. मला राजवेषातच दवाखान्यात नेलं. माझ्या अंगावरचा जरीचा अंगरखा मावशीनं कात्री न लावता कसा उतरवला, हे कोडं मला आजतागायत सुटलेलं नाही. "कपडा नाटक कंपनीचा असेल ना," एवढंच ती म्हणाली. मग तोंड पुसायला म्हणून तिनं माझ्या दाढीला हात घातला आणि दाढी तिच्या हातात आली. सगळा वॉर्ड हसला. पोटाला टाके असलेलेसुद्धा पोट धरून हसले. त्या दिवसापासून तिच्यासाठी मी 'राजे'.

पायाला वजन टांगून झाल्यावर तिनं मला वॉर्डाचा कायदा सांगितला. हा कायदा कुठं लिहिलेला नव्हता, तिचा तिनंच केलेला होता.

"हे तुमच्या डाव्या हाताचे शेजारी. गवंडी आहेत, पोटाचं ऑपरेशन झालंय. यांच्यावर तुम्ही लक्ष ठेवायचं. घाम फुटला, रंग उतरला, नाहीतर नेहमीपेक्षा गप्प झाले, तर मला हाक मारायची. तुमच्यावर लक्ष ठेवायला उजव्या हाताचे मास्तर आहेत. इथं स्वतःसाठी कुणी हाक मारत नाही, राजे. शेजाऱ्यासाठी मारतात."

मला ते थोडं विचित्र वाटलं. पण मग पाहिलं, एवढ्या मोठ्या खोलीला एक सिस्टर आणि एक मावशी. चार डोळे कुठं कुठं पुरणार? मावशीनं खाटेखाटेवरचे डोळे कामाला लावले होते. माझी बढतीही लवकर झाली. "तुमचा आवाज म्हणे शेवटच्या रांगेपर्यंत जातो," असं म्हणून तिनं समोरच्या भिंतीकडच्या खाटाही माझ्याकडे सोपवल्या. एका दुपारी गवंडी बोलता बोलता गप्प झाला. चेहरा ओल्या चुन्यासारखा झाला. मी हाक मारली. तसली हाक मी कुठल्याही नाटकात मारली नव्हती. सिस्टरच्या हातातला ट्रे पडला, खालच्या मजल्यावरचा पहारेकरी काठी घेऊन वर आला. सर्जनसाहेब नंतर म्हणाले, याच्या गळ्यालाही वजन टांगा. पण गवंडी वाचला. पुढं तो बायकोला घेऊन माझ्या नाटकांना येत असे, आणि मी रंगमंचावर आलो की शेजारच्या अनोळखी माणसाला कोपरानं ढोसून सांगत असे, यांनी माझ्यासाठी हाक मारली होती.

हा कायदा कशातून आला, ते मावशीनं मला पुढं केव्हातरी, माझी उशी झटकता झटकता सांगितलं. ती नोकरीला नवी असताना वॉर्डात एक घड्याळजी होते. अतिशय सभ्य माणूस. भांडं मागतानाही तीनदा क्षमा मागणार. एका दुपारी अपघाताचे पेशंट आले आणि सगळ्यांची धावपळ उडाली. घड्याळजींना त्रास व्हायला लागला असणार. पण एवढ्या गडबडीत आपलं कुठं सांगायचं, असं त्यांना वाटलं असणार. "मी चहा घेऊन गेले," मावशी म्हणाली, "आणि तसाच परत आणला." उशी माझ्या डोक्याखाली सरकवून ती पुढं म्हणाली, "आपल्यासाठी हाक मारायला माणसाला लाज वाटते, राजे. भल्या माणसाला तर जास्तच."

मी बरा झालो, लंगडत का होईना पुन्हा राज्यावर बसलो, आणि मावशी माझ्या घरची झाली. माझ्या प्रत्येक नव्या नाटकाला ती येई. कडेची खुर्ची मागून घेई. आसपास कुणाला खोकल्याची उबळ आली की मान वळवून त्याचा रंग पाही. मला नाटकात मरणं फार छान जमे, लोक खास त्यासाठी येत; पण मी कोसळलो की ही बाई खुर्चीतून उभी राही, आणि मागचे लोक हळूच म्हणत, बाई, बसा हो, खोटं आहे ते. ती बसे. पडदा पडल्यावर आत येऊन मला बजावे, "एवढा वेळ श्वास धरून ठेवत जाऊ नका."

मावशीचा नवरा तापाच्या साथीत गेला. त्या दिवसांत दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. खाट मिळाली नाही. तिच्याच वॉर्डात, दोन खाटांच्या मधल्या जागेत, जमिनीवर गादी टाकून त्याला ठेवलं होतं. तिथंच तो गेला. मुलगा तेव्हा शाळकरी होता, भेटायला म्हणून येऊन बापाजवळ बसला होता. या गोष्टीबद्दल मावशी कधी बोलली नाही आणि मुलगाही बोलला नाही. दोघांनी ती आपापल्या मनात वेगवेगळी ठेवली. एकाच घरात, एकाच ताटलीतला पाव खात, इतकी वर्षं.

मुलगा मोठा होऊन लिफ्टचा मेकॅनिक झाला. गोरा, उंच, हाताला कायम ग्रीसचा वास, बोलायला आईसारखाच आखडता. उंच इमारतींच्या पोटातल्या काळोख्या बोळांत दोरांना लटकून काम करायचं, म्हणजे जिवाशी खेळ. पण त्याला आपल्या कामाचा अभिमान होता. मला एकदा म्हणाला, "राजेकाका, माझं काम एका वाक्यात सांगू? माणसानं बटण दाबलं की लिफ्ट आली पाहिजे. तो कोण आहे, त्याची ओळख कुणाशी आहे, हे लिफ्ट विचारत नाही." शहरातल्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलच्या लिफ्टही त्याच्याकडे होत्या. तिथल्या आरशासारख्या फरशा, गालिच्यावरून चालल्यासारखी ट्रॉलीची चाकं, प्रत्येक पेशंटला वेगळी खोली आणि हाताशी घंटेचं बटण, हे तो घरी येऊन वर्णन करून सांगे. मावशी ऐकून घेई आणि विचारी, "आणि शेजारी?"

मावशी निवृत्त झाली, म्हातारी झाली, आणि तिच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन करावं लागणार होतं. मावशीच्या मनात काही प्रश्नच नव्हता. ती पिशवी भरायला लागली होती: दोन गाऊन, टॉवेल, कापडी बूट. सरकारी दवाखान्यात जायचं, आपल्या. मुलगा नको म्हणाला. दोघांत तीन दिवस अबोला झाला, म्हणजे दोघंही एरवी बोलत तेवढंच बोलत राहिले, पण भांडी वाजायला लागली. शेवटी त्यानं मला बोलावलं.

मी गेलो तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती सगळे बसले होते. मावशी शेंगा सोलत होती. नात मोबाईलवर दवाखाने चाळत होती, आपण दुकानात चपला चाळतो तशी. कॉलेजात जाणारी मुलगी, आजीची लाडकी, जिभेनं तिखट.

"आजी, हे सर्जन बघ. साडेचार तारे आहेत यांना."

"आमच्या साहेबांना एकही नव्हता गं," मावशी म्हणाली. "नखं तेवढी स्वच्छ असायची."

नात म्हणाली, आजी, आता कुणी दवाखान्यात ओळखीवर जात नाही, आधी बघतात, मग निवडतात. मावशी म्हणाली, आजारी माणूस निवडत नसतो बाळ, आजारी माणूस पडलेला असतो. तेवढ्यावर मी हसलो आणि मुलानं माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाच्या कपात तोंड घातलं.

मग त्यानं आपली बाजू मांडली, आणि ती लेचीपेची नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. कंपनीच्या विम्यात त्यानं आईचं नाव घातलं होतं. सगळी तजवीज झालेली होती. सरकारी दवाखान्यात आता तिप्पट गर्दी आहे, तारीख मिळायलाच किती दिवस जातील याचा नेम नाही, हे त्यानं शांतपणे सांगितलं. मावशी म्हणाली, तिथली भिंत न् भिंत मला ओळखते.

"भिंती ओळखतील, आई. माणसं कुठं आहेत? तू होतीस म्हणून तो वॉर्ड तसा होता. आता तू तिथं पेशंट म्हणून जाणार. मग तुझ्या जागी कोण आहे तिथं?"

मावशीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "असेल की कुणीतरी नवी," ती म्हणाली. पण सुरात जोर नव्हता.

मला वाटलं, संपलं. पण तो मुलगा उठून खिडकीशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून बोलला. माझ्या धंद्यात पाठ करून बोललेलं वाक्य सहसा ऐकू जात नाही. हे गेलं.

"बाबा जमिनीवर गेले."

मावशीनं शेंगांची परात बाजूला सारली. "तुझे बाबा एकटे नव्हते रे," ती हळू म्हणाली. "दोन्हीकडच्या खाटांवरची माणसं त्यांच्यासाठी हाका मारत होती. डाव्या खाटेवरचे आजोबा तर खाली वाकून त्यांचा हात धरून होते. शेवटपर्यंत. मी आले तेव्हा हात हातातच होता."

"मला आजोबा आठवत नाहीत," मुलगा म्हणाला. "मी खाली बसलो होतो बाबांजवळ. मला नुसते पाय दिसत होते. लोक त्यांना ओलांडून जात होते. चपला, बूट, चपला. एकाचा पाय त्यांच्या चादरीवर पडला, त्याचा ठसा उमटला. तेवढंच आठवतं."

नातीनं मोबाईल पालथा ठेवला. मावशी मुलाच्या पाठीकडे बघत राहिली. मी तिचा चेहरा पाहत होतो आणि मला दिसलं, की इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्या जमिनीवर, त्या पोराच्या उंचीला जाऊन बसली होती. तिनं ज्या खोलीत माणसं वाचवली, त्याच खोलीतून तिचा मुलगा चपला मोजत बाहेर आला होता, आणि तिला पत्ताही नव्हता. मग ती उठली. पिशवीतले कापडी बूट काढून तिनं पलंगाखाली परत ठेवले.

"तू म्हणशील तिथं," ती म्हणाली. "उंच खाटेवर झोपते. मग तर झालं?"

तो वळला तेव्हा रडत होता. उंच, दाढीचे खुंट वाढलेला, ग्रीसच्या हातांचा माणूस, आणि तिनं त्याचं नाक आपल्या पदरानं पुसलं.

ऑपरेशन नीट झालं. मी दुसऱ्या दिवशी दुपारी भेटायला गेलो. खरं सांगतो, मला ते हॉस्पिटल आवडलं. मी जन्मभर रंगवलेल्या राजवाड्यांत वावरलो. हा खरा होता. मावशीची खोली छान होती. फिकट निळ्या भिंती, खिडकीला जाड पडदा, कळ दाबली की डोकं वर करणारी खाट, आणि ती खाट खरोखरच उंच. मुलगा तिच्या पायथ्याशी बसला होता. त्याचा चेहरा असा उजळला होता की पुरस्कार मिळालेल्या नटाचाही तसा उजळत नाही. त्यानं मला ती कळ दाखवली, खाट वर-खाली करून दाखवली, मावशी वर-खाली झाली. "पुरे रे, मला काय लिफ्ट समजलास," ती म्हणाली. मग त्यानं घंटेचं बटण दाखवलं. वायरच्या टोकाला, मुठीत मावेल एवढं. "हे दाबायचं, आई. लगेच येतात. मी स्वतः बघून घेतलंय." ती म्हणाली, हो हो.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. जवळच्याच एका इमारतीत लिफ्ट मध्येच अडकली होती, आत माणसं होती, आणि कामावरचा दुसरा मेकॅनिक लांब होता. तो नाही म्हणत होता. मावशीनंच त्याला घालवलं. कुणीतरी आत कोंडलंय, हाक मारतंय आणि तू इथं माझ्या उशाशी बसतोस, असं म्हणून तिनं त्याला जवळजवळ ढकललंच. नात कॉलेजातून निघालीच होती. थोडाच वेळ होता. तो गेला.

आम्ही दोघं बोलत बसलो. मावशी थकली होती, पण तिचं अर्धं लक्ष दाराबाहेर. नर्स कोण कधी आली, कुणाची डबल ड्यूटी आहे, कुणाचे बूट चावतात, हे सगळं तिला एवढ्यात कळलेलं होतं. "गुणी आहेत पोरी," ती म्हणाली. "पण फार पळतात." शेजारी कोण आहे हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं होतं. नर्स हसून म्हणाली होती, आजी, आम्हाला सांगता येत नाही, पेशंटची खाजगी गोष्ट असते ती. मग मावशीनं भिंतीवर बोटांनी टकटक करून पाहिलं होतं. भिंत चांगली जाड होती.

बोलता बोलता माझं लक्ष तिच्या डोक्याशी गेलं. घंटेची वायर तिनं नीट गुंडाळून वरच्या खुंटीला अडकवली होती. वॉर्डात ती सलाईनच्या नळ्या अशाच गुंडाळायची. मी म्हणालो, मावशी, हे काय? तर म्हणे, लोंबकळत होती, कुणाचा पाय अडकून पडलं असतं. मी बटण काढून तिच्या हाताशी चादरीवर ठेवलं. तिनं मान डोलावली आणि त्यावर हात ठेवला, लहान मुलाची समजूत काढावी तसा. तेवढ्यात भेटीची वेळ संपल्याचं सांगायला माणूस आला आणि मी उठलो.

आता पुढचं मी पाहिलेलं नाही. नर्सनं सांगितलं ते सांगतो. ती पोरगी सांगताना भिंतीला टेकली होती.

तिची फेरी मी निघायच्या आधी झाली होती, तेव्हा मावशी बरी होती. पुढच्या फेरीला ती आली तेव्हा मावशी डोळे मिटून पडली होती. चादर छातीपर्यंत ओढलेली, हात पोटावर, सगळं व्यवस्थित. नर्सला वाटलं झोप लागली. मग रंग दिसला. सगळे धावले, सगळं केलं, कुणी काही कमी केलं नाही. आत रक्तस्राव झाला होता. असं क्वचित होतं, डॉक्टर म्हणाले, पण होतं. मुलानं विचारलं, लगेच कळलं असतं तर? डॉक्टर तरुण होते. त्यांनी चष्मा काढला आणि परत लावला.

निरोप मिळाल्यावर मी परत पोचलो तेव्हा नात बाहेरच्या बाकावर बसली होती, दप्तर अजून खांद्यावर. आत मुलगा एकटा उभा होता. मावशीला अजून नेलं नव्हतं. घंटेची वायर पुन्हा गुंडाळून खुंटीला लावलेली होती, वेढे एकसारखे.

त्यानं ती खुंटीवरून काढली, बटण दाबलं. दाराच्या वरचा दिवा लागला, आणि लगेच एक नर्स दारात आली. त्यानं तिला हातानं जा म्हटलं. पुन्हा दाबलं. पुन्हा दिवा लागला, पुन्हा ती आली. मग तो दाबतच राहिला. दर वेळी दिवा लागे आणि दर वेळी ती पोरगी दारात येऊन उभी राही. शेवटी ती परत जायची थांबली आणि दारातच उभी राहिली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"चालू आहे, राजेकाका," तो म्हणाला. "बटण चालू आहे."

मी म्हणालो, हो.

"हाताशी होतं. मी सांगितलं होतं. तुमच्यासमोर सांगितलं होतं." मग लहान मुलासारखं त्यानं विचारलं, "तिनं का नाही दाबलं?"

मला घड्याळजी आठवले. तो चहा आठवला, तसाच परत आणलेला. ज्या बाईनं जन्मभर इतरांना त्या लाजेपासून वाचवलं, तिला वाचवायला त्या सुंदर खोलीत दुसरी खाट नव्हती. पण हे त्याच्यासमोर कसं बोलायचं? ती खोली त्यानं वर्षानुवर्षं, एकेक इमारत चढत, बापाच्या त्या चादरीवरचा ठसा पुसायला मिळवली होती. माझ्यापाशी उत्तर होतं आणि ते मी गिळलं.

थोड्या वेळानं तो खाटेच्या कडेला बसला. म्हणाला, तुम्ही शेवटी होतात तिच्याजवळ. शेवटचं काय बोलली?

ते मात्र मला सांगावं लागलं. मी दाराशी पोचलो होतो, तेव्हा तिनं मला मागून हाक मारली होती आणि एक काम सांगितलं होतं. मी ते केलंही होतं. बाहेर पडून पलीकडच्या खोलीचं दार ढकललं, आत डोकावलो. आत कुणी नव्हतं. खाटेवर चादर ताणून बसवलेली, उशीवर घडी घातलेला टॉवेल, आणि घंटेची वायर नव्या पेशंटची वाट पाहत खाली लोंबत होती.

आयुष्यात मी दुसऱ्यांची वाक्यं हजारदा म्हटली. त्यांत आपल्या पदरचं घातलं, टाळीसाठी थांबलो. हे वाक्य मी त्याला जसंच्या तसं म्हणून दाखवलं, तिच्या आवाजात, तिच्या वेगात:

"राजे, जाता जाता त्या पलीकडच्या खोलीचं दार जरा उघडं ठेवून जा. आणि आत जे कोणी असेल त्यांना सांगा, घाबरू नका म्हणावं, शेजारी मी आहे. तुम्हाला काही झालं तर मी हाक मारीन."